चिऱ्यांचा आडोसा

एखादी इमारत बांधली की माती, पाणी, हवा यांचं किती नुकसान होतं ते मोजणं हा माझा व्यवसाय आहे. रत्नागिरीत एका औषधांच्या दुकानावरच्या मजल्यावर माझं छोटं ऑफिस आहे. लोक नकाशे घेऊन येतात. मी त्यांच्या भिंती, खिडक्या, नळ, दिवे यांचं गणित करते आणि मानांकन देणाऱ्या संस्थेकडे पाठवते. संस्था गुण देते. गुण चांगले मिळाले की दाराशी एक चकचकीत पाटी लागते आणि मालक तिच्याशेजारी उभा राहून फोटो काढून घेतो.

हे सगळं मी एकदा वहिनीला नीट समजावून सांगितलं होतं. वहिनी म्हणजे माझ्या मोठ्या भावाची बायको. ती लग्न होऊन आली तेव्हा मी शाळेत होते. आई पुढे लवकर गेली, त्यामुळे माझ्या वेण्या, माझे डबे, माझ्या परीक्षांची जागरणं हे सगळं वहिनीनेच केलं. भाऊ बोटीवर असतो, वहिनी मासे विकायची. मागच्या पडवीत विळीवर बांगडे साफ करता करता तिने माझं व्याख्यान ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे घर बांदनार दुसरा, नि त्याच्या पापाचा हिशोब करनार तू. मंग तुला पुन्य किती मिळतं गो?"

मला राग पटकन येतो. मी म्हटलं, "थट्टा कर तू. उद्या समुद्र तुझ्या चुलीपर्यंत आला म्हणजे कळेल."

"येऊंदे की," ती म्हणाली. "मासे आनायला लांब जायला नको."

आमचं गाव मिरकरवाड्याच्या मोठ्या बंदराच्या पलीकडे, खाडीच्या तोंडाशी आहे. जेटी लहान. पहाटे बोटी लागतात, तिथेच लिलाव होतो, आणि बायका माल घेऊन, धुऊन, बर्फ घालून पाट्या लावून बसतात. गिऱ्हाईक तिथेच येतं. अंधारात घराबाहेर पडलेली बाई उन्हं डोक्यावर आल्याशिवाय घरी परतत नाही. आणि एवढ्या वेळात लघवीला जायचं म्हटलं तर जेटीवर जागा नाही. पुरुषांचं बरं आहे, ते समुद्राकडे तोंड करून उभे राहतात. बायकांना पूर्वी खाडीकडेची झुडपं होती. मग तिथून रस्ता गेला, दिवे लागले, पाठोपाठ पर्यटक आले. त्यांच्या हातात मोबाइल असतात आणि त्यांना बोटींबरोबर झुडपांचेही फोटो काढायचे असतात. घरं वरच्या अंगाला आहेत. चढण चढून जाऊन यावं तर लिलाव संपलेला असतो.

त्यावर बायकांनी उपाय काढला होता तो साधा होता. पाणीच प्यायचं नाही. पहाटे घोटभर चहा, त्यानंतर काही नाही. तोंड फारच कोरडं पडलं तर गालात आमसूल धरायचं, म्हणजे लाळ सुटते आणि तहान भागल्यासारखी वाटते. प्रत्येक बाईच्या कनवटीला आमसुलांची पुडी असे. माझ्या आईच्या होती. आईने ती नव्या सुनेला पहिल्या दिवशी जेटीवर नेताना दिली, जसं कुणी घराच्या किल्ल्या देतं. मला लहानपणी वाटायचं, मासे विकणाऱ्या बायकांना आंबट आवडतं.

वहिनीला मूतखड्याची पहिली कळ आली तेव्हा ती पडवीत अक्षरशः लोळली. डॉक्टरांनी औषध दिलं आणि सांगितलं की खरं औषध पाणी आहे, भरपूर प्या. मी तिला एक स्टीलची बाटली आणून दिली. ती रोज न चुकता भरून घेऊन जायची. मी रविवारी घरी गेले की दुपारी तिच्या पिशवीतून बाटली काढून हलवून बघायचे. ती जशी नेलेली तशी परत आलेली असायची, काठोकाठ.

"वयनी, ही काय शोभेची आहे?" मी ओरडायचे.

"वजनाला बरी हाय. पाटीवरचा कागद उडत नाय."

मी हसायचे आणि मग मला भयंकर राग यायचा. तिचा नव्हे. कुणाचा ते ठरवता यायचं नाही.

जेटीवरच्या बायकांचा एक बचतगट होता. त्यांनी गावाकडे मागणी केली. एक खोली, दोन संडास, एक न्हाणी, पाण्याचा नळ. गावाने जेटीलगतचा कोपरा दिला, पैसे मात्र नव्हते. त्याआधी एकदा चाकांवरचा पत्र्याचा संडास आणून ठेवला होता. त्याला पाण्याची जोडणी नव्हती आणि खाऱ्या वाऱ्याने त्याचं दार पहिल्याच वर्षी गळून पडलं. मग मुंबईची एक धर्मादाय संस्था मदत द्यायला तयार झाली. अट एकच. इमारतीला पर्यावरणाचं मानांकन हवं.

मी तर उडालेच. सगळ्या जगाच्या इमारती मोजून झाल्या, आता घरची मोजायची! वहिनीला म्हटलं, "बघच तू. गुण असे आणते की पाटी लावायला भिंत पुरणार नाही."

"पाटी मागनं लाव," ती म्हणाली. "आदी दार लाव. आतून कडी लागनारं."

तेव्हाची नियमावली माझ्या बाजूची होती. जवळपास मिळणारा माल वापरला की गुण मिळायचे, कारण लांबून आणायला डिझेल लागत नाही. आमच्याकडे जांभा दगड पायाखालीच आहे. सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, खाणीत त्याचे चिरे कापतात. मी चिऱ्यांच्या भिंती, कौलांचं छप्पर, वारा खेळेल अशी वरची जाळी, असं सगळं काढलं. खोलीच्या आत भिंतीला लागून बसायचा कट्टा काढला, कारण वहिनीने सांगितलं होतं की पाठ टेकायला काहीतरी पायजे. नकाशा पुरा झाला तेव्हा मी तो ऑफिसात भिंतीला चिकटवून बराच वेळ बघत बसले. मोठमोठ्या हॉटेलांचे नकाशे मी असे कधी बघितले नव्हते.

चिरा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो. हवा लागून तो घट्ट होतो. म्हणून आमच्याकडे जाणता माणूस घर बांधायच्या आधी चिरे आणून उघड्यावर रचून ठेवतो, त्यांच्यावरून एक पावसाळा जाऊ देतो. आम्हीही तेच केलं. पालीच्या पुढून ट्रक आला आणि जेटीजवळच्या त्या कोपऱ्यात चिऱ्यांची लांब रांग उभी राहिली. बायकांनी नारळ फोडला. पाया खणायला वेळ होता तरी फोडला, कारण हाताशी काहीतरी आलं होतं.

मग वेळच वेळ गेला. जागा भरतीच्या रेषेजवळची, म्हणून किनाऱ्याच्या नियमांची परवानगी लागणार होती. ती अर्थात लागायलाच हवी. ती नसती तर आतापर्यंत आमच्या खाडीवर रिसॉर्टच उभी राहिली असती. ती परवानगी हातात पडेपर्यंत पावसाळा येऊन गेला, पुन्हा आला. चिरे हवे तेवढे घट्ट झाले. आणि आम्ही काम सुरू करायच्या बेतात असताना मानांकनाची नियमावली बदलली.

नव्या नियमावलीत माल कुठून आणला एवढंच बघत नव्हते. तो जमिनीतून काढताना तिथे काय झालं, तो बनवायला किती इंधन गेलं, हे सगळं त्या मालाच्या नावावर चढत होतं. भिंतींसाठी सिमेंटचे ठोकळे बनवणाऱ्या कंपन्यांकडे याचे तपासलेले दाखले होते. चिरेखाणीवाल्याकडे कसला दाखला? जिथे दाखला नाही तिथे सगळ्यात वाईट आकडा धरायचा, असा नियम. माझे चिरे गुण देणारा माल होते, ते एका रात्रीत गुण खाणारा माल झाले.

मी तावातावाने मुंबईला मानांकनाच्या संस्थेत फोन केला. वाटेल ते बोलले. दगड आमचा, सडा आमचा, तुम्ही कोण सांगणार, वगैरे. फोन ठेवला आणि स्कूटर काढून थेट खाणीवर गेले. माझी बाजू पक्की करायला फोटो हवे होते.

त्या सड्यावर मी कॉलेजात असताना फिरायला जायचे. पावसात तिथे इवलीइवली निळी-जांभळी फुलं येतात, आणि जांभ्यात मुरलेलं पाणी खालच्या वाडीतल्या विहिरींना पुरतं. खाण मी कित्येक वर्षांत बघितली नव्हती. समोर सडा नव्हताच. चौकोनी खड्ड्याला लागून चौकोनी खड्डा, त्याच्या पलीकडे आणखी एक. तळाला लाल पाणी. खालच्या वाडीतली एक म्हातारी डोक्यावर हंडा घेऊन वर रस्त्याला येत होती, टँकर येतो म्हणाली. मी फोटो काढले नाहीत. नियमावली खरं बोलत होती, आणि खोटं बोलणाऱ्याशी जसं भांडता येतं तसं खरं बोलणाऱ्याशी भांडता येत नाही. मी गुपचूप घरी आले आणि नकाशा बदलायला बसले.

ठोकळ्यांच्या भिंती म्हणजे बाहेरून गिलावा आला, खारा वारा म्हणून वेगळा रंग आला. प्रत्येक बदलासाठी पुन्हा मंजुरी. कट्टा गेला, कारण खर्च वाढला म्हणून खोली लहान करावी लागली. वहिनीला मी हे सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "संडास ऱ्हायले ना?"

"राहिले."

"मंग आमी काय पाट टेकायला येतो थयं?"

चिरे जेटीवर पडून राहिले. त्यांचं काय करायचं ते कुणी ठरवलं नाही.

काही महिन्यांनी एका रविवारी मी घरी गेले आणि सवयीने वहिनीच्या पिशवीतली बाटली उचलली. ती हलकी लागली. झाकण उघडून बघितलं तर आत थेंब नव्हता. मला वाटलं, सांडली असेल. पुढच्या रविवारी पुन्हा रिकामी. मी विचारलं, तर वहिनी विळीवरून मान वर न करता म्हणाली, "पियालंय. तूच बोंबलत होतीस ना?"

दुसऱ्या दिवशी पहाटे मी तिच्याबरोबर जेटीवर गेले. चिऱ्यांची रांग आता रांग राहिली नव्हती. बायकांनी ती हलवली होती. एकदम नाही, येता-जाता एक-एक चिरा उचलून. एक बाजू खाडीकडे, एक रस्त्याकडे, एक जेटीकडे, आणि चौथ्या बाजूला दगडी बांध होताच. माणूस बसला की झाकला जाईल एवढी उंची. आत जायला जागा अशी वळणाची ठेवली होती की बाहेरून काही दिसू नये. तळाला वाळू, कोपऱ्यात एक प्लास्टिकचं पिंप आणि तांब्या. बाहेरच्या अंगाला एका चिऱ्यावर साडीचा लाल तुकडा ठेवलेला. तुकडा चिऱ्यावर असेल तर जागा मोकळी, बाई आत जाताना तो घेऊन जायची.

मी बराच वेळ बघत उभी राहिले. परवानगी नाही, नकाशा नाही, मानांकन नाही. सिमेंटचा कण नाही, विजेचा दिवा नाही, आणि वापरलेला माल कुठलाही नवा नाही. माझ्या व्यवसायात जितकी म्हणून गणितं आहेत त्या सगळ्यांत ही इमारत पहिली आली असती. आणि तरीही ती एक लाज वाटण्याजोगी गोष्ट होती. इतक्या वर्षांच्या मागणीनंतर बायकांना मिळाला तो आडोसा, आणि तोही त्यांनीच रचलेला. मला आनंद झाला आणि रडू आलं. वहिनीने बघितलं आणि म्हणाली, "रडतंस काय? जायचं असेल तर जाऊन ये. फडकं हाय चिऱ्यावर."

त्या वर्षी तिला एकदाही कळ आली नाही. तिच्या चेहऱ्यावर पाणी आलं. हे मी शब्दशः सांगतेय, ओठांवरच्या कायमच्या भेगा गेल्या. बायका जेटीवर उघड उघड पाणी पिऊ लागल्या. आमसुलांच्या पुड्या कनवटीला राहिल्या, पण सवय म्हणून. एका रविवारी वहिनीने मला सोलकढी करून घातली आणि म्हणाली, "आता आमसुलं कडीत घालायला उरतात."

मग तपासणी आली. बांधकामाच्या आधी जागा प्रत्यक्ष बघायची, असा नव्या नियमावलीत टप्पा होता. मुंबईहून मानांकन संस्थेची एक मुलगी आली, नुकतीच शिकून कामाला लागलेली, नम्र, डोक्यावर टोपी. ती पहाटेच्या गाडीने उतरून थेट जेटीवर आली होती. मी तिला नकाशे दाखवले, भरतीची रेषा दाखवली. तिने मातीचे नमुने घेतले, पाण्याचे घेतले. उन्हं चढली. ती या पायावरून त्या पायावर करायला लागली. शेवटी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "मॅडम, इथे वॉशरूम कुठे आहे?"

मी काही बोलायच्या आत वहिनी उठली. तिने चिऱ्यावरचा लाल तुकडा उचलून तिच्या हातात दिला आणि बोट दाखवलं. मुलगी थोडी घुटमळली, मग गेली. परत आली तेव्हा तिने फडकं जागच्या जागी नीट ठेवलं, वहिनीकडे बघून हसली आणि वहिनीने पुढे केलेल्या बाटलीतलं पाणी प्यायली. दोघींची तिथल्या तिथे मैत्री झाली.

जाताना मात्र ती मला बाजूला घेऊन गेली. तिचा चेहरा उतरला होता. "मॅडम, मला हे लिहावं लागेल. भरतीच्या रेषेजवळ सांडपाणी जिरतंय. पाण्याचे नमुने तर सांगतीलच. मी नाही लिहिलं तर पूर्ण तपासणीच रद्द होईल."

"लिही," मी म्हटलं.

"मी स्वतः वापरलाय तो," ती म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आणि मीच लिहिणार."

तिच्यावर मी काय रागवणार? माझ्या भावाच्या जाळ्यात जे मासे येतात ते त्याच पाण्यातले, आणि बायका मासे धुतात तेही त्याच पाण्यात. मी तिच्या जागी असते तर मीही तेच लिहिलं असतं. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या इमारतींबद्दल तेच लिहीत आले आहे.

अहवाल आला. जागा मूळ स्थितीत आणा, मगच पुढची मंजुरी. धर्मादाय संस्थेचे लोक फोनवर कळवळून म्हणाले की पावसाळा सरला की काम नक्की सुरू करू, फक्त ते चिरे तेवढे काढा. मी बायकांना एकत्र बसवून हे सांगितलं. कुणी भांडलं नाही. त्यांनी भांडायला हवं होतं, असं मला आजही वाटतं. त्यांनी फक्त वहिनीकडे बघितलं. वहिनी म्हणाली, "आपली बायो सांगते म्हंजे संडास व्हनार. काढा."

टेम्पो आला. चिरे इतके घट्ट झाले होते की गाडीत टाकताना एकमेकांवर आपटून घण घण आवाज करत होते. ते कुणाच्या तरी आंब्याच्या बागेला गडगा, म्हणजे दगडी कुंपण, घालायला गेले. लाल फडकं वहिनीने पिशवीत टाकलं. त्याच आठवड्यापासून बाटली पुन्हा भरलेली परत येऊ लागली.

पावसाळा सरला. काम सुरू होण्याच्या ऐवजी नियमावलीची तिसरी आवृत्ती आली.

ही मी सलग बसून वाचली, आणि खरं सांगते, मला ती आवडली. त्यात पहिल्याच पानावर म्हटलं होतं की सगळ्यात कमी नुकसान करणारी इमारत म्हणजे न बांधलेली इमारत. म्हणून आधी हे सिद्ध करा की बांधण्यावाचून गत्यंतर नाही. शहरात धडधाकट इमारती पाडून नव्या उठवतात आणि वर मानांकनाची पाटी लावतात, त्यांना हा चांगला चाप होता. मीच कितीदा सभांतून असं काहीतरी बोलले होते. फक्त ते बोलताना माझ्या डोळ्यांपुढे मॉल असायचे, आमची जेटी नसायची.

पाण्याचंही बदललं होतं. आधी तुलना व्हायची ती कल्पनेतल्या सर्वसाधारण इमारतीशी. तिच्यापेक्षा कमी पाणी लागलं की गुण मिळायचे. आता तुलना प्रत्यक्षाशी होती. त्या जागेवरची माणसं आज किती पाणी वापरतात ते लिहा आणि इमारत झाल्यावर किती वापरतील ते लिहा. आमच्या बायका जेटीवर किती पाणी वापरत होत्या? पीत नव्हत्या, जात नव्हत्या, वापरत नव्हत्या. मी नळ कितीही बारीक धारेचे घेतले तरी शून्यापेक्षा कमी पाण्याचा नळ मिळत नाही. संगणक लाल अक्षरात सांगायचा, पाण्याचा वापर वाढत आहे, कारण द्या.

मी कारणं दिली. मराठीत, इंग्रजीत, साध्या भाषेत, नियमांच्या भाषेत. प्रत्येक वेळी कुणीतरी सभ्य माणूस सभ्य उत्तर पाठवायचा, की आपली तळमळ समजते, परंतु कारण मोजता येईल अशा स्वरूपात द्यावे. माझा त्या माणसावर विश्वास आहे. त्याला तळमळ समजत असणार. मी ऑफिसात एकटी असताना त्या पडद्यावर ओरडायचे आणि खालचा औषधवाला वर येऊन विचारायचा, "ताई, काय झालं?"

तोपर्यंत वहिनीला वरचेवर ताप येऊ लागला होता. पायांवर सूज दिसायला लागली. ती म्हणायची, उभं राहून आली. एका सकाळी तिला माशांची पाटी उचलवेना. रत्नागिरीत तपासण्या झाल्या, मग कोल्हापुरात झाल्या. दोन्ही मूत्रपिंडं गेल्यात जमा होती. डॉक्टर म्हणाले, याला कारणं बरीच असतात, वर्षानुवर्षांचे खडे, पुन्हा पुन्हा होणारा संसर्ग, नेमकं एकच कारण सांगता येत नाही. "या पाणी कमी प्यायच्या का?" त्यांनी विचारलं. भाऊ माझ्याकडे बघायला लागला. तो आयुष्यभर बोटीवर राहिलेला माणूस. बायको पाणी पीत नाही हे त्याला माहीत होतं, पण त्याला वाटायचं की तिला तहान कमी लागते.

आता आठवड्यातून ठरलेल्या वारी तिचं डायलिसिस असतं. भाऊ समुद्रात असला की मी नेते. डाव्या हाताला मशीनसाठी शीर जोडून दिली आहे, त्या हाताने जड उचलायचं नाही, म्हणून मासे विकणं बंद झालं. मी तिच्या पलंगाशी खुर्ची घेऊन बसते. मशीनच्या मागून एक नळी निघते आणि मोरीत जाते. रक्त धुवायला सतत स्वच्छ पाणी लागतं. माझी मोजायची खोड जात नाही. एका बाईच्या एका वेळच्या डायलिसिसला जेवढं पाणी त्या मोरीत जातं, तेवढ्यात आमच्या जेटीवरच्या झाडून साऱ्या बायकांची दिवसभराची तहान भागली असती. हे मोजता येईल अशा स्वरूपातलं कारण आहे. पण ते कुठल्या इमारतीच्या नावावर चढवायचं, ते कुठल्याच आवृत्तीत लिहिलेलं नाही.

तिचं पिण्याचं पाणी मात्र आता डॉक्टरांनी बांधून दिलं आहे. दिवसाला थोडंच, औषधांसकट. तहान अनावर झाली की ती मान वळवून हळूच म्हणते, "बायो, माजी पुडी बग." मी तिच्या पिशवीतून आमसुलांची पुडी काढते. ती अगदी नखाएवढा तुकडा गालात धरते आणि डोळे मिटून पडून राहते. त्याच पिशवीत तळाला ते लाल फडकं अजून आहे.

गेल्या आठवड्यात मी तिथेच लॅपटॉप उघडून बसले होते. मानांकन संस्थेने शेवटची मुदत दिली होती. पहिलाच प्रश्न, इमारत न बांधल्यास वापरणाऱ्यांवर काय परिणाम होईल. मी लिहीत होते, खोडत होते. वहिनी पलंगावरून ते बघत होती. तिने विचारलं, "काय लिवतंस गो मगापासून?"

मी तिला प्रश्न वाचून दाखवला. संडास नाही बांधले तर तुमचं काय होईल, असं विचारतायत, म्हटलं.

मशीन चालूच होतं. मग ती माझ्याकडे वळली आणि जुन्या थट्टेच्या आवाजात म्हणाली, "बाकीच्यांचं लिव काय ते. माज्यासाटी आता नको बांदू म्हनावं. मना आता लघवी व्हतच नाय."

आणि ती हसली. मी लॅपटॉप मिटला, तिचा उजवा हात दोन्ही हातांत धरला आणि नर्स येऊन मशीन बंद करेपर्यंत तशीच बसून राहिले.